ऑस्करचा अंदाज बांधायचा तर

जानेवारी लागला की मनापासून चित्रपट पाहणाऱ्यांच्या गप्पांत एकच प्रश्न फिरत राहतो: यंदा ऑस्कर कुणाला? नामांकनांची यादी येते, जो तो आपला विजेता ठरवून टाकतो आणि त्यामागचं कारण बहुतेक वेळा एकच असतं, ‘मला हा चित्रपट सगळ्यांत जास्त आवडला.’ आवडणं महत्त्वाचंच आहे, त्याशिवाय या चर्चेत जीव नाही. पण भाकीत करायचं तर तेवढं पुरत नाही. शेवटी पुरस्कार मतदार देतात. ते मतदार कोण, ते मत कधी देतात आणि ती मतं मोजतात कशी, या तीन गोष्टी नीट कळल्या तर अंदाज सुधारतो. शिवाय निकाल मनाविरुद्ध लागला तरी तो तसा का लागला, हे समजतं. मला हे दुसरं जास्त मोलाचं वाटतं.

म्हणून सुरुवात दोन याद्यांपासून करा. एकीवर लिहा ‘कुणाला मिळायला हवा’ आणि दुसरीवर ‘कुणाला मिळेल’. या दोन याद्या एकाच कागदावर एकमेकींत मिसळल्या की चर्चा भरकटते. एकजण कलेबद्दल बोलत असतो, दुसरा मतदानाबद्दल, आणि दोघांनाही वाटतं की समोरच्याला काही कळत नाही. चर्चेत तोंड उघडण्याआधी ‘मी आत्ता कुठल्या यादीबद्दल बोलतोय’ एवढं सांगून टाकलं तरी निम्मे वाद मिटतात.

आता मतदार. अमेरिकेतली अकॅडमी ऑफ मोशन पिक्चर आर्ट्स अँड सायन्सेस ही संस्था १९२७ साली स्थापन झाली. पहिला सोहळा १६ मे १९२९ रोजी हॉलिवूडच्या रूझवेल्ट हॉटेलात झाला. तो जेमतेम पंधरा मिनिटांत आटोपला आणि विजेत्यांची नावं तीन महिने आधीच जाहीर झाली होती, त्यामुळे भाकिताचा प्रश्नच नव्हता. बंद पाकिटाची प्रथा १९४१पासून सुरू झाली, कारण त्याच्या आदल्या वर्षी एका वृत्तपत्राने विजेत्यांची नावं सोहळ्याआधीच छापली होती. आज अकॅडमीचे मतदार सुमारे दहा हजार आहेत. सगळे चित्रपटाच्या धंद्यातले: अभिनेते, दिग्दर्शक, लेखक, संकलक, छायालेखक, वेशभूषाकार, निर्माते. समीक्षक त्यांत नाहीत, प्रेक्षक नाहीत, पत्रकार नाहीत. समीक्षकांच्या पुरस्कारांवरून ऑस्करचा अंदाज बांधणाऱ्याने ही गोष्ट आधी मनाशी पक्की करावी.

हा मतदारवर्ग गेल्या दहा वर्षांत बराच बदलला आहे. २०१५ आणि २०१६ अशी सलग दोन वर्षं अभिनयाच्या वीसच्या वीस नामांकनांत एकही कृष्णवर्णीय किंवा आशियाई कलाकार नव्हता. त्यावरून मोठा गदारोळ झाला आणि अकॅडमीने स्त्रिया, गौरेतर आणि अमेरिकेबाहेरचे कलावंत यांना मोठ्या संख्येने सभासद करून घेतलं. आज साधारण पाचातला एक मतदार अमेरिकेबाहेर राहतो. २०२०मध्ये ‘पॅरासाइट’ हा कोरियन चित्रपट सर्वोत्कृष्ट ठरला, परभाषेतल्या चित्रपटाला हा मान पहिल्यांदाच मिळाला. दिग्दर्शनाच्या नामांकनांतही आता जवळजवळ दरवर्षी अमेरिकेबाहेरचं एखादं नाव दिसतं. थॉमस विंटरबर्ग, र्‍युसुके हामागुची, जस्टीन त्रिए आणि कोराली फार्जा ही अलीकडची उदाहरणं. ‘असले चित्रपट अकॅडमीला झेपत नाहीत’ हे नव्वदच्या दशकातलं मत आज कुणी मांडत असेल तर त्याला हा बदल सांगा.

मतमोजणी हा विषय लोकांना रटाळ वाटतो, पण खरी गंमत तिथेच आहे. आपल्याकडे पदवीधर मतदारसंघात किंवा विधान परिषदेला ज्याने पसंतीक्रमाचं मतदान पाहिलं आहे, त्याला ऑस्करची मोजणी चटकन कळेल.

नामांकनाच्या फेरीत अभिनेते अभिनेत्यांना निवडतात, दिग्दर्शक दिग्दर्शकांना, संकलक संकलकांना. सर्वोत्कृष्ट चित्रपटासाठी मात्र सगळेच मत देतात. मतपत्रिकेवर पहिली पसंती, दुसरी पसंती अशी क्रमाने नावं लिहायची आणि ठरावीक कोटा गाठला की नामांकन पक्कं. समजा एखाद्या शाखेत ६०० जणांनी मत दिलं आणि जागा पाच आहेत, तर कोटा होतो १०१. म्हणजे सहाशेंपैकी जवळजवळ पाचशे लोकांना एखादं काम मुळीच रुचलं नाही, पण शंभरएक जणांनी त्याला पहिली पसंती दिली, तरी नामांकन मिळतं. इथे सर्वांना बरं वाटणाऱ्या कामापेक्षा थोड्यांना जीव की प्राण असलेलं काम पुढे जातं.

२०२३ साली अँड्रिया राइझबरो या अभिनेत्रीला ‘टू लेस्ली’ या चित्रपटासाठी नामांकन मिळालं तेव्हा सगळे चक्रावले. चित्रपटाला प्रेक्षक जवळजवळ मिळालेच नव्हते. पण तिच्या कामाने भारावलेल्या नामवंत अभिनेत्यांनी मतदानाच्या दिवसांत आपापल्या ओळखीच्या मतदारांना तो पाहायला लावला. अभिनेत्यांच्या शाखेत तेव्हा सुमारे १,३०० सभासद होते आणि सगळ्यांनी मत दिलं असतं तरी सव्वादोनशेच्या आत पहिल्या पसंतीची मतं पुरली असती. त्या प्रचारपद्धतीची अकॅडमीने चौकशी केली आणि नामांकन कायम ठेवलं. नामांकनांचा अंदाज करताना म्हणून स्वतःला विचारा: हे काम कुणाच्या यादीत पहिल्या क्रमांकावर असेल? ‘सगळ्यांच्या यादीत चौथं’ असलेलं काम हमखास मागे पडतं. २०२४मध्ये ‘बार्बी’साठी ग्रेटा गर्विगला दिग्दर्शनाचं नामांकन मिळालं नाही आणि जगभर हळहळ व्यक्त झाली. त्या वर्षी त्या शाखेने जस्टीन त्रिए आणि जोनाथन ग्लेझर यांना निवडलं होतं. शाखेच्या आवडीकडे पाहिलं तर तो निकाल तितका अनाकलनीय वाटत नाही.

अंतिम फेरीत सगळे सभासद सगळ्या विभागांत मत देऊ शकतात. बहुतेक विभागांत साधा हिशेब आहे: ज्याला जास्त मतं तो विजेता. एकच अपवाद, आणि तोही सगळ्यांत मोठ्या पुरस्काराचा. सर्वोत्कृष्ट चित्रपटासाठी आता दहा नामांकनं असतात आणि तिथे पुन्हा पसंतीक्रम येतो. ही पद्धत २०१०च्या सोहळ्यापासून आहे. एखाद्या चित्रपटाला पहिल्या पसंतीची निम्म्याहून अधिक मतं मिळाली तर प्रश्न मिटला. नाही मिळाली तर सर्वांत कमी मतांचा चित्रपट बाद होतो आणि त्याची मतं त्या मतपत्रिकांवरच्या पुढच्या पसंतीकडे जातात. कुणीतरी निम्मा टप्पा ओलांडेपर्यंत हे चालू राहतं.

आकड्यांनी पाहू. शंभर मतदार, शेवटी उरलेले तीन चित्रपट. पहिल्याला ४०, दुसऱ्याला ३५, तिसऱ्याला २५. तिसरा बाद झाला. त्याच्या २५ मतदारांपैकी १८ जणांनी दुसऱ्या चित्रपटाला वरचा क्रम दिला होता आणि सात जणांनी पहिल्याला. आता पहिल्याकडे ४७, दुसऱ्याकडे ५३. सुरुवातीला मागे असलेला चित्रपट जिंकला, कारण त्याचा राग करणारे कमी होते. ज्या चित्रपटावरून मतदारांत उभी फूट पडते त्याला ही पद्धत महागात पडते.

२०२२ साली नेमकं हेच दिसलं असं माझं मत आहे. ‘द पॉवर ऑफ द डॉग’ला बारा नामांकनं होती आणि समीक्षकांचे बहुतेक मोठे पुरस्कार त्याच्या खात्यात होते. ‘कोडा’ला अवघी तीन नामांकनं होती, दिग्दर्शनाचं नाही आणि संकलनाचंही नाही. कर्णबधिर कुटुंबातल्या, ऐकू येणाऱ्या मुलीची ती साधी, ऊबदार गोष्ट. तिने तिन्ही पुरस्कार घेतले, त्यांत सर्वोत्कृष्ट चित्रपटही. ‘पॉवर ऑफ द डॉग’ला एकच मिळाला, जेन कॅम्पियनला दिग्दर्शनाचा. नामांकनांची संख्या मोजून विजेता ठरवणाऱ्यांनी हे वर्ष लक्षात ठेवावं. २०१७चंही ठेवावं: ‘ला ला लँड’ला चौदा नामांकनं होती. मंचावर चुकीचं पाकीट गेलं, त्याचं नावही पुकारलं गेलं, आणि खरा विजेता ‘मूनलाइट’ निघाला.

यानंतर येतात ऑस्करआधीचे पुरस्कार. अंदाज करणारे सगळेच यांच्याकडे डोळे लावून असतात, पण सगळ्यांना सारखंच वजन देतात, ही चूक आहे. प्रत्येक पुरस्काराला एकच प्रश्न विचारायचा: हा देणाऱ्यांपैकी ऑस्करचे मतदार किती? गोल्डन ग्लोब देणारे पत्रकार आहेत, क्रिटिक्स चॉइस देणारे समीक्षक आहेत. त्यांतला एकही माणूस केवळ त्या नात्याने अकॅडमीत मत देत नाही. त्यांचा उपयोग वेगळा आहे. विजेता मंचावर काय बोलतो, सभागृह त्याला कसं स्वीकारतं, हे मतदार घरी बसून पाहतात. जानेवारीतल्या एखाद्या सुंदर भाषणाने हवा बदलू शकते. पण हवा म्हणजे मत नव्हे.

व्यवसायातल्या संघटनांचं तसं नाही. दिग्दर्शकांची संघटना म्हणजे डीजीए, निर्मात्यांची पीजीए, अभिनेत्यांची सॅग. यांच्या सभासदांतले काही लोक अकॅडमीतही आहेत. डीजीएचा पुरस्कार १९४०च्या दशकाच्या अखेरीस सुरू झाला. तेव्हापासून २०२५च्या सोहळ्यापर्यंत डीजीए एकाला आणि दिग्दर्शनाचं ऑस्कर दुसऱ्याला असं फक्त आठ वेळा घडलं. सबळ कारण नसेल तर इथे वेगळं नाव लिहू नका. पीजीएने २००९पासून ऑस्करसारखीच पसंतीक्रमाची मोजणी स्वीकारली, म्हणून सर्वोत्कृष्ट चित्रपटासाठी तिचा निकाल मला सगळ्यांत उपयोगी वाटतो. तीही चुकते: २०१६मध्ये ‘द बिग शॉर्ट’, २०१७मध्ये ‘ला ला लँड’, २०२०मध्ये ‘१९१७’. या तिन्ही वर्षी ऑस्कर दुसऱ्याच चित्रपटाने नेलं.

२०२०चं वर्ष मुद्दाम अभ्यासावं असं आहे. ‘१९१७’कडे पीजीए होतं, डीजीए होतं, ब्रिटनचा बाफ्टा होता, गोल्डन ग्लोबही होता. कागदावर विरोधकच नव्हता. फक्त एक गोष्ट वेगळी घडली होती. अभिनेत्यांच्या संघटनेने कलाकारसंचाचा पुरस्कार ‘पॅरासाइट’ला दिला होता आणि ते कलाकार मंचावर आले तेव्हा सगळं सभागृह उभं राहिलं होतं. अकॅडमीत सर्वांत मोठी शाखा अभिनेत्यांची आहे. ज्या चित्रपटावर अभिनेते जीव टाकतात, त्याला कधीही हलकं समजू नये.

बाफ्टाबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं. २००१पासून बाफ्टा ऑस्करच्या आधी होऊ लागले आणि त्यांचं महत्त्व वाढलं. ब्रिटनमधले बरेच चित्रपटकर्मी दोन्हीकडे मतदार आहेत. अभिनयाच्या विभागांत चुरस असेल तर बाफ्टाचा निकाल बारकाईने पाहावा. २०१९मध्ये बहुतेकांनी ग्लेन क्लोजचं नाव लिहिलं होतं, बाफ्टा ऑलिव्हिया कोलमनला मिळालं आणि ऑस्करही तिलाच. २०२१मध्ये दिवंगत चॅडविक बोसमनला ऑस्कर मिळणार याबद्दल आयोजकांनाही इतकी खात्री असावी की त्यांनी अभिनेत्याचा पुरस्कार अगदी शेवटी ठेवला. तो मिळाला अँथनी हॉपकिन्सना, आणि बाफ्टाही त्यांनाच मिळालं होतं. मात्र बाफ्टाला घरच्या माणसांचा ओढा आहे, हेही विसरू नका. २०२३मध्ये सहाय्यक अभिनयाचे दोन्ही बाफ्टा ‘द बॅन्शीज ऑफ इनिशेरिन’च्या आयरिश कलाकारांनी नेले आणि दोन्ही ऑस्कर ‘एव्हरीथिंग एव्हरीव्हेअर ऑल ॲट वन्स’ला गेले. त्याच वर्षी मुख्य अभिनेत्रीचं बाफ्टा केट ब्लँचेटला होतं, ऑस्कर मिशेल योला. बाफ्टाने घरच्याला सोडून बाहेरच्याला उचललं, तर त्या निकालाकडे जास्त गांभीर्याने पाहावं.

या सगळ्याहून दुर्लक्षित गोष्ट म्हणजे तारखा. २०२५चं उदाहरण घ्या. ‘द सब्स्टन्स’साठी डेमी मूरने गोल्डन ग्लोब, क्रिटिक्स चॉइस आणि सॅग असे तिन्ही पुरस्कार जिंकले. ‘अनोरा’मधल्या मायकी मॅडिसनकडे यांतलं काही नव्हतं, फक्त बाफ्टा होतं. ऑस्कर मॅडिसनला मिळालं. आता दिनदर्शिका पाहा. अकॅडमीचं अंतिम मतदान ११ फेब्रुवारीला सुरू झालं आणि १८ला संपलं. बाफ्टाचा सोहळा झाला १६ला, मतदान चालू असताना. सॅगचा झाला २३ला, मतं देऊन झाल्यावर. सॅगचा निकाल मतदारांचा कल दाखवू शकत होता, पण तो कल घडवू शकत नव्हता. त्याच रात्री सॅगने कलाकारसंचाचा पुरस्कार ‘कॉन्क्लेव्ह’ला दिला आणि अनेकांनी घाईघाईने याद्या बदलल्या. डीजीए आणि पीजीए दोन्ही ‘अनोरा’ला मिळून दोन आठवडे झाले होते. ‘अनोरा’ने पाच ऑस्कर जिंकले, त्यांतले चार एकट्या शॉन बेकरचे. उलट २०२२मध्ये अंतिम मतदान १७ ते २२ मार्च असं होतं आणि पीजीएने ‘कोडा’चं नाव १९ मार्चला, म्हणजे मतपत्रिका हातात असतानाच, जाहीर केलं. हंगाम सुरू झाला की मतदान सुरू होण्याची आणि बंद होण्याची तारीख आधी लिहून ठेवा आणि मग प्रत्येक बातमी त्या तारखेच्या अलीकडची की पलीकडची ते पाहा.

वादांनाही हाच नियम. ‘एमिलिया पेरेझ’ला २०२५मध्ये सर्वाधिक, तेरा नामांकनं मिळाली. नामांकनांनंतर, पण अंतिम मतदानाच्या आधी, त्याच्या नायिकेची जुनी आक्षेपार्ह वक्तव्यं उजेडात आली. पुरस्कार मिळाले दोन. आंतरराष्ट्रीय चित्रपटाचा पुरस्कार ब्राझीलच्या ‘आय एम स्टिल हिअर’ने नेला.

सप्टेंबरमधल्या भाकितांवर फार वेळ घालवू नये असं माझं मत आहे. व्हेनिस, टेल्युराइड आणि टोरंटोचे महोत्सव झाले की याद्या फिरू लागतात. टोरंटोच्या प्रेक्षक पुरस्काराने ‘स्लमडॉग मिल्यनेअर’, ‘द किंग्ज स्पीच’ आणि ‘ग्रीन बुक’ यांची दिशा आधीच दाखवली होती हे खरं. पण २०२४चा टोरंटोचा विजेता ‘द लाइफ ऑफ चक’ त्या वर्षी अमेरिकेत प्रदर्शितच झाला नाही. सप्टेंबरात पाहायच्या चित्रपटांची यादी करावी, विजेत्यांची नको.

आता छोट्या म्हटल्या जाणाऱ्या विभागांकडे. मित्रांमधल्या अंदाजांच्या स्पर्धेत गुण इथेच मिळतात किंवा जातात, कारण अभिनय आणि दिग्दर्शनात शेवटी बहुतेकांची उत्तरं सारखीच येतात. रंगभूषेचा पुरस्कार अनेकदा त्या चित्रपटाला जातो ज्याच्या नायकाचं किंवा नायिकेचं रूप पालटलेलं असतं. ‘डार्केस्ट अवर’, ‘द आइज ऑफ टॅमी फे’ आणि ‘द व्हेल’ या तिघांनी रंगभूषेबरोबर मुख्य अभिनयाचंही ऑस्कर घेतलं. वेशभूषेत जुना काळ किंवा कल्पित जग यांचं पारडं जड असतं. आजच्या काळातले रोजचे कपडे कितीही विचारपूर्वक निवडलेले असोत, मतदारांच्या नजरेत भरत नाहीत. हे मला अन्यायकारक वाटतं, पण ‘कुणाला मिळेल’च्या यादीत त्याला जागा नाही. संकलनाचं नामांकन ही जुनी खूण होती. १९८०च्या ‘ऑर्डिनरी पीपल’नंतर थेट २०१५मध्ये ‘बर्डमॅन’ जिंकेपर्यंत त्या नामांकनावाचून एकही चित्रपट सर्वोत्कृष्ट ठरला नव्हता. आता ती खूण पूर्वीइतकी भरवशाची राहिलेली नाही. लघुपटांचे तीन विभाग लोक डोळे मिटून भरतात. तिथे मेहनत घ्या. पंधरा लघुपट, त्यांतले पुष्कळ नामांकनानंतर इंटरनेटवर अधिकृतपणे पाहायला मिळतात. जो ते पाहतो तो पुढे जातो.

२०२६च्या सोहळ्यापासून दोन बदल झाले, तेही ध्यानात असू द्या. कास्टिंगसाठी, म्हणजे कलाकारांच्या निवडीसाठी, स्वतंत्र पुरस्कार आला आणि विभागांची संख्या चोवीस झाली. दुसरा बदल मोठा: अंतिम फेरीत एखाद्या विभागात मत द्यायचं तर त्या विभागातले सगळे नामांकित चित्रपट पाहणं सभासदाला बंधनकारक झालं. त्याआधी बहुतेक विभागांत नुसत्या नावलौकिकावर मत देता येत होतं. छोट्या विभागांतले जुने आडाखे म्हणूनच थोडे सैल धरावेत.

भारताच्या प्रवेशिकेविषयी दरवर्षी आपल्याकडे भाबडी आशा आणि मग चिडचिड, असं चक्र चालतं. त्याऐवजी कामकाज समजून घ्यावं. आंतरराष्ट्रीय विभागात प्रत्येक देश एकच चित्रपट पाठवतो. आपल्याकडे ती निवड फिल्म फेडरेशन ऑफ इंडिया करते. डिसेंबरात पंधरा चित्रपटांची यादी निघते आणि मग पाच नामांकनं. या विभागात आजवर भारताला तीनच नामांकनं मिळाली आहेत: ‘मदर इंडिया’, ‘सलाम बॉम्बे!’ आणि आशुतोष गोवारीकरांचा ‘लगान’. ‘लगान’ला लोकार्नो महोत्सवात प्रेक्षकांचा पुरस्कार मिळाला होता आणि सोनी पिक्चर्स क्लासिक्ससारखा जाणता वितरक अमेरिकेत त्याच्या पाठीशी होता. मराठीतून ‘श्वास’, ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ आणि चैतन्य ताम्हाणेंचा बहुभाषिक ‘कोर्ट’ गेले. ‘श्वास’च्या वेळी प्रचाराच्या खर्चासाठी लोकांनी वर्गणी काढली, ती आठवण आजही अभिमानाची आहे. पण तिथल्या मतदारांपर्यंत चित्रपट पोहोचवायला किती पैसा आणि किती आधीपासूनची तयारी लागते, हेही त्या प्रयत्नातून दिसलं. यंदाची निवड जाहीर झाली की दोनच प्रश्न विचारा: या चित्रपटाला एखाद्या मोठ्या महोत्सवात दाद मिळाली आहे का, आणि अमेरिकेत त्याला वितरक आहे का? दोन्हींचं उत्तर नाही असेल तर चित्रपट कितीही चांगला असो, भाकिताच्या यादीत त्याचं नाव लिहू नका.

अधिकृत प्रवेशिका हा एकच दरवाजा नाही, हेही सांगायला हवं. २०२२मध्ये भारताने ‘छेल्लो शो’ हा गुजराती चित्रपट पाठवला. ‘आरआरआर’ पाठवला गेला नाही, तरी अमेरिकेत नियमानुसार प्रदर्शित झाल्यामुळे तो बाकीच्या विभागांत पात्र ठरला आणि ‘नाटू नाटू’ने १२ मार्च २०२३ रोजी गीताचं ऑस्कर आणलं. २०२४मध्ये ‘लापता लेडीज’ गेला, आणि कान महोत्सवात ग्रां प्री मिळवणारा पायल कपाडियांचा ‘ऑल वी इमॅजिन ॲज लाइट’ मागे राहिला. त्या निर्णयावर आपल्याकडे खूप वाद झाला. माझ्या मते कपाडियांचा चित्रपट पाठवायला हवा होता, कारण वर सांगितलेल्या दोन्ही प्रश्नांची उत्तरं त्याच्या बाजूने होती. आणि भारताचं पहिलं ऑस्कर कोल्हापूरच्या भानू अथैया यांचं आहे, ‘गांधी’च्या वेशभूषेसाठी, १९८३ साली, जॉन मोलो यांच्यासह. तेही त्या छोट्या म्हटल्या जाणाऱ्या विभागातच.

चर्चा करणाऱ्या गटासाठी काही पथ्यं. न पाहिलेल्या चित्रपटाच्या दर्जावर बोलू नये, त्याच्या मतदानातल्या शक्यतेवर खुशाल बोलावं. बरेच नामांकित चित्रपट आपल्याकडे फेब्रुवारी-मार्चमध्ये येतात, काही तर सोहळ्यानंतर. न्यू जर्सीतल्या किंवा बे एरियातल्या मावसभावाने ते आधी पाहिलेले असतात. त्याने गटात कथा उघड करू नये आणि बाकीच्यांनी त्याचं मत अंतिम धरू नये. आंतरराष्ट्रीय विभागातले चित्रपट आधी गाठायचे असतील तर नोव्हेंबरात पणजीचा इफ्फी आणि त्यानंतर पुण्याचा पिफ हे महोत्सव सोडू नका, निरनिराळ्या देशांच्या प्रवेशिका तिथे अनेकदा दाखवल्या जातात.

प्रत्येक भाकितापुढे कारण एका ओळीत लिहा आणि खात्री किती टक्के तेही लिहा. ‘अनोरा जिंकेल’ यापेक्षा ‘अनोरा, ६५ टक्के, पीजीए आणि डीजीए दोन्ही मिळाल्यामुळे’ हे जास्त प्रामाणिक आहे. वर्षअखेरीला असे कागद जपून ठेवा. आपण कुठल्या विभागात मनाच्या ओढीने वाहवतो, हे दोन-तीन वर्षांचे कागद शेजारी ठेवले की लख्ख दिसतं. सगळ्यांपेक्षा वेगळं नाव लिहिण्याचा मोह होतो, तो एका-दोन विभागांपुरता ठेवा आणि तिथेही कारण द्या. दहा ठिकाणी धाडस करणारा एखाद्या विभागात बरोबर येतो आणि नऊ ठिकाणी गुण गमावतो.

हरलेल्या चित्रपटाची टवाळी करू नका. ‘पॉवर ऑफ द डॉग’ एक पुरस्कार घेऊन परतला म्हणून तो लहान होत नाही, आणि ‘कोडा’ जिंकला म्हणून त्याच्या चाहत्यांनी तोरा मिरवण्याचं कारण नाही. पहिल्या यादीचं, ‘मिळायला हवा’ या यादीचं, काम सोहळ्यानंतर खरं सुरू होतं. तिच्यातले जे चित्रपट हरले ते मित्रांना दाखवा, त्यांच्याबद्दल लिहा, बोला.

सोहळा अमेरिकेत रविवारी संध्याकाळी होतो आणि आपल्याकडे सोमवारची पहाट असते. २०२४मध्ये आपल्याकडे साडेचार वाजता सुरू झाला होता, २०२५मध्ये साडेपाचला. तिकडची घड्याळं मार्चच्या दुसऱ्या रविवारी तासभर पुढे जातात, त्याचा हा फरक. गटातल्या सगळ्यांच्या याद्या रविवारी रात्री दहाला बंद करा आणि त्यानंतर कुणालाही एकही नाव बदलू देऊ नका.